भूमिका तीच, अभिनेत्री नवी : ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ ही हेरमालिका आणि मराठी दैनंदिन मालिकांतील नायिकाबदल

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील बपेरा आणि त्याच्या आसपासची गावे झाडीपट्टीत मोडतात. दिवाळी सरली, धान कापणीला आले की या पट्ट्यात मंडईचे दिवस सुरू होतात आणि रात्री उशिरा पडदा उघडून पहाटेपर्यंत चालणारी नाटके गावोगाव लागतात. येथील प्रेक्षकाला नायिकाबदल ही काही नवलाची गोष्ट वाटत नाही. त्याच्या आजोबाने दंडारीत व खडीगंमतीत स्त्रीवेश घेतलेला पुरुष पाहिलेला असतो. वडिलांच्या काळात स्त्रीभूमिका स्त्रिया करू लागल्या. आज वडसा येथील नाट्यमंडळ्यांतून नागपूरकडच्या अभिनेत्री एका हंगामापुरत्या येतात आणि पुढल्या हंगामात त्याच नाटकात दुसरीच अभिनेत्री उभी राहते. प्रेक्षक नाटक पाहतो, नव्या नायिकेची जुनीशी तुलना करतो आणि पहाटे घरी जातो. यात कोणाला फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही.

हाच प्रेक्षक सायंकाळी दूरचित्रवाणीसमोर बसतो तेव्हा मात्र त्याची वृत्ती बदलते. मालिकेतील सून काल एका चेहऱ्याची होती आणि आज दुसऱ्या चेहऱ्याची आहे, हे त्याला सहजी पचत नाही. असे का व्हावे? एकच प्रेक्षक रंगमंचावरचा बदल सहज स्वीकारतो आणि पडद्यावरच्या बदलाने अस्वस्थ होतो, याची कारणे प्रेक्षकाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्या त्या माध्यमात नायिकेला दिलेल्या स्थानात शोधणे अधिक उचित ठरेल. प्रस्तुत लेखात ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ ही गाजलेली ब्रिटिश हेरमालिका आणि अलीकडील काही मराठी दैनंदिन मालिका यांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

रंगभूमीवरील परंपरा

मराठी रंगभूमीने भूमिकेचे हस्तांतरण फार पूर्वीच पचवले आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीत भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीभूमिका गाजवल्या. वय वाढल्यावर ते पुरुषभूमिकांकडे वळले आणि 1899 मधील ‘शारदा’ नाटकात कोदंडाच्या रूपाने उभे राहिले. 1901 मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे 1905 मध्ये बालगंधर्व त्याच मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेची भूमिका त्यांच्याकडे आली. शकुंतला कोणा एकाची नव्हती. ती नाटकाची होती. अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर 1975 मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘ती फुलराणी’चे घेता येईल. भक्ती बर्वे यांनी मंजुळेची भूमिका अशी काही केली की त्यानंतर हे नाटक कोणी करू नये असे अनेकांना वाटले असणार. तरीही सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी ती भूमिका केली. ‘चारचौघी’ हे 1991 चे नाटक 2022 मध्ये पूर्णपणे नव्या अभिनेत्रींसह आले. रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम आणि पर्ण पेठे यांना पाहताना पहिल्या संचाची आठवण जागी होणे हा आस्वादाचाच एक भाग होता.

याचे कारण उघड आहे. नाटकाला संहिता असते, तिला आरंभ व शेवट असतो, आणि प्रत्येक प्रयोगात ती नव्याने सुरू होते. कालच्या प्रयोगातील मंजुळा कालच संपलेली असते. मालिकेला हा लाभ नाही. मालिकेतील पात्र काल जेथे थांबले तेथूनच आज पुढे जाते, आणि कालचा चेहरा प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरून पुसला गेलेला नसतो.

एका हेरमालिकेच्या तीन नायिका

‘द अ‍ॅव्हेंजर्स’ ही मालिका ब्रिटनमधील आयटीव्ही वाहिनीवर जानेवारी 1961 मध्ये सुरू झाली आणि 1969 पर्यंत 161 भागांत चालली. आरंभी तिचा नायक डॉ. डेव्हिड कील होता. ही भूमिका इयान हेंड्री करीत असत. पॅट्रिक मॅकनी यांचा जॉन स्टीड हा त्याचा सहकारी होता. हेंड्री पहिल्या पर्वानंतर बाहेर पडले आणि दुय्यम असलेला स्टीड मध्यभागी आला. म्हणजे या मालिकेची घडीच मुळात एका बदलीतून बसली. गोल टोपी आणि छत्री घेतलेला स्टीड पुढे मालिकेची ओळख झाला, पण त्याच्या शेजारची जागा सतत बदलत राहिली.

1962 मध्ये या जागेवर ऑनर ब्लॅकमन यांची कॅथी गेल आली. पुरुष सहकाऱ्यासाठी लिहिलेल्या काही संहिता फारसा बदल न करता त्यांच्याकडे सोपविण्यात आल्या, असे या मालिकेच्या इतिहासात नोंदलेले आहे. हा योगायोग फलदायी ठरला. पुरुषासाठी लिहिलेले संवाद स्त्रीच्या तोंडी आले आणि स्त्री ज्युदोचे डाव टाकून मारेकऱ्यांना लोळवू लागली. त्या काळातील दूरचित्रवाणीवर असे दृश्य विरळ होते. नंतर ठरवून केलेल्या कितीतरी प्रयोगांना जे साधले नाही ते येथे संहिता बदलायला सवड न मिळाल्याने साधले, ही बाब लेखनप्रक्रियेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

ब्लॅकमन 1964 मध्ये ‘गोल्डफिंगर’ या जेम्स बाँडच्या चित्रपटासाठी मालिका सोडून गेल्या. निर्मात्यांपुढे दोन मार्ग होते. दुसरी अभिनेत्री आणून तिलाच कॅथी गेल म्हणायचे, किंवा कॅथी गेलला निरोप देऊन नवे पात्र घडवायचे. त्यांनी दुसरा मार्ग निवडला. नव्या पात्राचे नाव ठेवताना पुरुषांना आकर्षित करणारी असा अर्थ असलेल्या ‘मॅन अपील’ या शब्दांचे ‘एम अपील’ झाले आणि त्यातून एमा पील हे नाव निघाले. नावातच हेतू उघड असूनही हे पात्र केवळ आकर्षणापुरते राहिले नाही, याचे श्रेय अभिनेत्रीकडे जाते. या भूमिकेसाठी प्रथम एलिझाबेथ शेफर्ड यांची निवड झाली होती. एक भाग पूर्ण होऊन दुसऱ्याचे चित्रण सुरू असताना त्यांना बाजूला करण्यात आले आणि डायना रिग आल्या. 1965 पासून प्रसारित झालेल्या भागांत प्रेक्षकांना फक्त रिगच दिसल्या. शेफर्ड यांची एमा पील प्रेक्षकांपर्यंत पोहोचलीच नाही, त्यामुळे तुलनेचा प्रश्नही उद्भवला नाही.

डायना रिग यांचा भारताशी संबंध होता. त्यांचा जन्म 1938 मध्ये इंग्लंडमधील डॉनकास्टर येथे झाला, पण बालपणाची पहिली वर्षे बिकानेरला गेली. त्यांचे वडील तेथील रेल्वेत अधिकारी होते, आणि घरात लहानग्या डायनाला हिंदी बोलता येत असे. मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील दुसरी एक घटना अधिक महत्त्वाची आहे. मालिका जगभर विकली जात असताना आपल्याला कॅमेरामनपेक्षाही कमी मोबदला मिळतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी वाढ मागितली व ती मिळवली; परंतु वृत्तपत्रांनी त्यांना लोभी ठरवले आणि त्या वेळी आपल्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही, असे त्यांनी पुढे अनेक वर्षांनी मुलाखतीत सांगितले. त्यानंतर त्या फार काळ मालिकेत राहिल्या नाहीत. 1969 च्या बाँडपटात त्या बाँडची पत्नी झाल्या. ‘अ‍ॅव्हेंजर्स’ची नायिका बाहेर पडते ती बाँडच्या दारात उभी राहते, असा जणू प्रघातच पडला होता.

जिन्यावरील भेट

रिग यांचा निरोप ‘द फरगेट-मी-नॉट’ या भागात झाला. ब्रिटनमध्ये तो 1968 च्या सप्टेंबरमध्ये दाखवला गेला. त्यात एमा पीलचा, मृत समजला गेलेला वैमानिक पती परत येतो आणि ती स्टीडचा निरोप घेते. जिना उतरताना तिला वर येणारी टारा किंग भेटते. स्टीडला चहा कसा ढवळलेला आवडतो एवढेच एमा तिला सांगते : घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. मग एक खाली जाते आणि दुसरी वर जाते.

या प्रसंगाची वाखाणणी बरीच झाली आहे आणि ती योग्यच आहे. नायिकाबदल लपवण्याऐवजी तो कथेतच, प्रेक्षकांसमोर घडवला आहे. जाणाऱ्या व्यक्तीने येणाऱ्या व्यक्तीला कामाची माहिती द्यावी, असा हा प्रकार आहे. आपल्याकडे कार्यालयातील ‘पदभार हस्तांतरण’ याहून फार वेगळे नसते. हे शक्य झाले कारण स्टीडच्या शेजारी असणे हे एक काम होते. ते नाते नव्हते. काम रिकामे होऊ शकते आणि त्यावर नवी व्यक्ती नव्या नावानिशी येऊ शकते.

तरीही बदल पूर्ण यशस्वी झाला असे म्हणता येत नाही. टारा किंगची भूमिका लिंडा थॉर्सन यांनी केली. कॅनडाच्या या अभिनेत्रीचे वय निवडीच्या वेळी 20 वर्षे होते. कॅथी गेल व एमा पील या पेशाने हेर नव्हत्या; आपापल्या ज्ञानाच्या बळावर त्या स्टीडबरोबर काम करीत आणि म्हणूनच त्याच्या बरोबरीच्या वाटत. टारा मात्र प्रशिक्षित हेर होती. वरवर पाहता स्त्रीपात्राची ही बढती होती. प्रत्यक्षात ती स्टीडच्या हाताखालची झाली आणि त्याच्याकडे कौतुकाने पाहू लागली. पद अधिकृत झाले आणि बरोबरी गेली. थॉर्सन यांच्यावर झालेल्या टीकेपैकी बराच भाग खरे तर या रचनेवर व्हायला हवा होता. अभिनेत्री कमी पडली असे म्हणणे सोपे असते. अमेरिकेत या पर्वाची गाठ ‘लाफ-इन’ या अत्यंत लोकप्रिय कार्यक्रमाशी पडली आणि 1969 मध्ये मालिका थांबली. 1976 मध्ये ती ‘द न्यू अ‍ॅव्हेंजर्स’ या नावाने परतली तेव्हा स्टीड तोच होता. स्त्रीच्या जागेवर जोआना लम्ली यांची पर्डी आली. लम्ली यांचा जन्म 1946 चा, श्रीनगरचा.

मराठी मालिकांची पद्धत

आता मराठी मालिकांकडे वळता येईल. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका झी मराठीवर ऑगस्ट 2016 ते मार्च 2021 या काळात चालली. विदर्भातील प्रेक्षकांना तिच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटला, कारण तिची नायिका राधिका नागपूरची होती आणि नागपुरी वळणाने बोलत होती. ही भूमिका नाशिकच्या अनिता दाते यांनी केली, तर तिच्या संसारात शिरलेल्या, मुंबईच्या वळणाच्या शनायाची भूमिका मूळ अकोल्याच्या रसिका सुनील यांनी केली! 2018 मध्ये रसिका सुनील शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. ‘जय मल्हार’मधील बानू म्हणून परिचित असलेल्या ईशा केसकर शनाया झाल्या, 2020 मध्ये पुन्हा रसिका सुनील शनाया म्हणून आल्या. दोन वेळा चेहरा बदलला, नाव एकदाही बदलले नाही.

‘अग्गंबाई सासूबाई’मधील शुभ्रा तेजश्री प्रधान यांनी साकारली, 2021 मध्ये तिचा पुढचा भाग ‘अग्गंबाई सूनबाई’ आला तेव्हा शुभ्रा म्हणून उमा पेंढारकर दिसल्या. स्टार प्रवाहवरील ‘प्रेमाची गोष्ट’ या मालिकेतून जानेवारी 2025 मध्ये तेजश्री प्रधान बाहेर पडल्या आणि मुक्ताची भूमिका स्वरदा ठिगळे यांच्याकडे आली. या दोन्ही ठिकाणी बदललेले पात्र कथेच्या केंद्रस्थानी होते. तरीही जिन्यावरची भेट कोठेच झाली नाही, आणि ती होणे शक्यही नव्हते. शुभ्रा आणि मुक्ता या कोणाच्या तरी सुना, पत्नी, माता आहेत. जुनी मुक्ता जिना उतरते आणि नवी स्त्री जिना चढते असे दाखवले तर ती कथा घटस्फोटाची, मृत्यूची किंवा दुसऱ्या विवाहाची होईल. नाते रिकामे करता येत नाही. म्हणून नाव तेच ठेवून चेहरा बदलावा लागतो आणि घरातील इतर सर्व पात्रांनी काहीच घडले नाही असे वागावे लागते. सासू कालच्या सुनेला ज्या सुरात हाक मारीत होती त्याच सुरात आज दुसऱ्या स्त्रीला हाक मारते. प्रेक्षकाची अस्वस्थता मुख्यतः येथून येते. नवी अभिनेत्री वाईट काम करते म्हणून नव्हे, तर घरातील एकालाही जुनीची आठवण येत नाही म्हणून.

या पद्धतीमागे निर्मितीची गरजही आहे. ‘अ‍ॅव्हेंजर्स’चे प्रत्येक भाग स्वतंत्र होते, दोन पर्वांमध्ये अवधी मिळत असे आणि त्या अवधीत नवे पात्र घडवता येत असे. मराठी दैनंदिन मालिकेचे भाग आठवड्यातून पाच-सहा दिवस दाखवले जातात. चित्रित होऊन तयार असलेल्या भागांचा साठा, ज्याला या व्यवसायात ‘बँक’ म्हणतात, तो अनेकदा मोजक्याच दिवसांचा असतो. अभिनेत्री आजारी पडली, शिकायला गेली किंवा करार संपवून निघाली तर लेखकाला नवे पात्र उभे करण्यास वेळ नसतो. चेहरा बदलणे हाच सर्वांत जलद मार्ग ठरतो. तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाच्या जागी दर वर्षी नवी व्यक्ती येते आणि वेळापत्रकातील विषय मात्र तोच राहतो, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

कोण न बदलण्याजोगे?

वरील उदाहरणे शेजारी ठेवली असता एक प्रश्न समोर येतो. ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये पुरुष टिकला व स्त्रिया बदलल्या, यावरून मालिकांमध्ये स्त्रीच नेहमी बदलता येण्याजोगी मानली जाते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो पुरा खरा नाही. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या 2000 ते 2008 या काळातील हिंदी मालिकेत उलटे घडले. मिहिरच्या भूमिकेत अमर उपाध्याय, इंदर कुमार आणि रोनित रॉय असे तीन अभिनेते आले आणि मालिका पुढे चालत राहिली. 2007 मध्ये तुलसीची भूमिका स्मृती इराणी यांच्याकडून पुण्याच्या गौतमी गाडगीळ-कपूर यांच्याकडे आली, तेव्हा मात्र तो बदल रुजला नाही. 2008 मध्ये इराणी परत आल्या. 2025 मध्ये ही मालिका नव्याने सुरू झाली तेव्हाही तुलसी म्हणून त्याच दिसल्या. गौतमी कपूर या अनुभवी अभिनेत्री होत्या. त्यांच्या वाट्याला आलेली जागाच अशी होती की सात वर्षांत ती आणि एक चेहरा यांत फरक उरला नव्हता.

तेव्हा स्त्री की पुरुष यापेक्षा कथा कोणाच्या खांद्यावर उभी आहे, ही बाब निर्णायक ठरते. ‘अ‍ॅव्हेंजर्स’ स्टीडवर उभी होती, ‘क्योंकि’ तुलसीवर. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ राधिकेवर उभी होती, म्हणून शनाया दोनदा बदलूनही मालिका साडेचार वर्षे चालली आणि राधिका मात्र अखेरपर्यंत अनिता दाते यांचीच राहिली.

या नियमाला धरून नसलेले एक उदाहरण मुंबईतच घडले आहे, आणि हेरकथेशी ते सर्वांत जवळचेही आहे. 1985 मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘करमचंद’ या गुप्तहेर मालिकेत पंकज कपूर यांचा गाजर खाणारा करमचंद आणि सुष्मिता मुखर्जी यांची किटी ही जोडी होती. 2007 मध्ये सोनी वाहिनीवर ही मालिका पुन्हा आली तेव्हा करमचंद तोच होता, किटी मात्र सुचेता खन्ना होत्या. किटी ही सचिव होती, म्हणजे हे नाते नव्हते, पद होते. वरील विवेचनानुसार येथे नव्या नावाची नवी सचिव आणता आली असती. पण ‘शट अप, किटी’ हे शब्द प्रेक्षकांच्या ओठी इतके बसले होते की दुसऱ्या नावाला त्या वाक्यात जागाच नव्हती. येथे पद आणि नाते या दोहोंपेक्षा एक वाक्य बलवत्तर ठरले.

मोबदल्याचा प्रश्न

नायिकाबदलाची चर्चा बहुधा प्रेक्षकाच्या बाजूने होते. अभिनेत्रीच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. पात्राचे नाव निर्मात्याकडे व वाहिनीकडे राहते. अभिनेत्री घेऊन जाते ती केवळ आपली ओळख. नाव कायम ठेवून चेहरा बदलण्याची सोय जितकी रुळते तितकी अभिनेत्रीची मोबदला, कामाचे तास वा सुट्टी यांविषयी बोलण्याची ताकद घटते, कारण तिच्या जागी उद्या दुसरी उभी राहू शकते हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. रिग यांना वाढ मिळाली याचे एक कारण एमा पील हे पात्र त्यांच्याशी इतके जोडले गेले होते की दुसरीला एमा म्हणून उभे करणे निर्मात्यांना परवडणारे नव्हते. त्या गेल्या तेव्हा एमा पीलही गेली. शिकायला जाऊन परत येणाऱ्या रसिका सुनील यांना आपली भूमिका पुन्हा मिळाली, हे मराठीतील सुखद उदाहरण आहे. पण त्या परतीच्या वेळी ईशा केसकर यांनी दोन वर्षे सांभाळलेली शनाया पडद्यावर कोणतीही खूण न ठेवता विरून गेली, हेही नोंदवायला हवे.

झाडीपट्टीत या बाबतीत निराळी रीत दिसते. येथील नाटकांच्या जाहिरातीत पात्राच्या नावापेक्षा अभिनेत्रीचे नाव व छायाचित्र ठळक असते. मंडईच्या आदल्या दिवशी गावातून ध्वनिक्षेपक लावलेली गाडी फिरते तेव्हाही नाटकाच्या नावापाठोपाठ कलावंतांची नावे पुकारली जातात. गेल्या हंगामात आवडलेली नायिका यंदा या नाटकात नसेल तर ती कोणत्या मंडळीत आहे याची चौकशी होते, आणि तिचे नाटक शेजारच्या गावी असले तर थंडीत घोंगडी पांघरून लोक तेथवर जातात.